'वा!' नेमकं कुणाचं?

पुरावेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीच्या दावे विभागात त्यांची हयात गेली. गाडी ठोकली म्हणणाऱ्याला "पुरावा?", दुकान जळलं म्हणणाऱ्याला "पुरावा?". एकदा तर बायको कौतुकानं म्हणाली, "अहो, आज आपल्या लग्नाचा वाढदिवस," तर तिलाही सवयीनं "पुरावा?" विचारून बसले. त्या रात्री जेवायला काय मिळालं ते सोडा. सांगायचा मुद्दा असा की, अशा माणसाच्या घरातच एक दावा वर्षानुवर्षं बिनपुराव्याचा पडून होता, आणि दावेदार होते त्यांचे जन्मदाते वडील आणि सख्खे मामा.

झालं होतं असं. पुरावेसाहेब रांगत होते तेव्हाची गोष्ट. दादा, म्हणजे वडील, आई आणि आईचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, असे तिघे एका नामांकित व्हायोलिनवादकाच्या कार्यक्रमाला गेले होते. पहिली रांग. आई मध्ये, तिच्या डावीकडे दादा, उजवीकडे मामा. एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे, पुढे कशावरच नाही. त्या कार्यक्रमाची नंतर रेकॉर्ड निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला वादक मध्येच थांबतो, तार जुळवतो, सभागृह चिडीचूप, आणि त्या शांततेत कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणतं, "वा!"

आता तुम्हीच सांगा, तार जुळवताना कुणी दाद देतं का? पण रेकॉर्डच्या पाकिटावर कुण्या जाणकारानं छापून टाकलं की, 'वाजवण्याला दाद कुणीही देईल. नुसत्या जुळलेल्या सुराला दाद देणारा तो अनामिक रसिक हाच खरा कानसेन.' झालं! तेव्हापासून दादा म्हणत, तो कानसेन मी. मामा म्हणत, तो कानसेन मी. आणि आईला विचारलं की ती पदराला हात पुसत म्हणे, "मला बाई काही आठवत नाही."

दादा पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला होते आणि मामा शाळेत पीटीचे मास्तर. एकाचे कान पंपानं बधिर झालेले, दुसऱ्याचे शिट्टीनं. पण रसिकतेला कुठं प्रमाणपत्र लागतं! दादांनी ते पाकीट चौकट करून भिंतीवर लावलं. मामांनी दुसरी रेकॉर्ड विकत घेऊन तिचं पाकीट आपल्या भिंतीवर लावलं.

इतकी वर्षं हे भांडण लोणच्यासारखं मुरत होतं आणि तोंडी लावायला सगळ्यांना बरं वाटत होतं. पण मागे घरातल्याच एका लग्नात, जेवणाच्या टेबलावर, दादा व्याह्यांना सांगायला लागले, "ते रेकॉर्डवरचं 'वा' आमचंच बरं का." पलीकडून मामा म्हणाले, "दाजी, निदान जेवताना तरी खोटं बोलू नका." दादा म्हणाले, "शिट्टी फुंकणाऱ्याला सूर काय कळणार?" मामा ताटावरून उठले ते तडक घरी. त्यानंतर त्यांनी या घराचा उंबरठा ओलांडला नाही.

त्याआधी मामा दर रविवारी सकाळी यायचे. कोपऱ्यातली वेताची खुर्ची त्यांची. दादांशी भांडून, दोनदा चहा पिऊन, ताईशी, म्हणजे आईशी, दोन शब्द बोलून जायचे. आता रविवार यायचा, पण मामा यायचे नाहीत. आई तोंडानं अवाक्षर बोलली नाही. ती फक्त चहाचं आधण ठेवताना सवयीनं एक कप पाणी जास्त घालायची, आणि मग तो उरलेला चहा ओट्यावर गार होत राहायचा. पुरावेसाहेबांना तो कप बघवेना. माणूस नियमाचा असला तरी दगड नव्हता हो.

मार्ग दाखवला समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टरांनी. हे गृहस्थ दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून असल्यामुळे समोरच्यानं उलट उत्तर देण्याची त्यांना सवयच नव्हती. भिंतीवरचं पाकीट बघून ते म्हणाले, "अहो, ही स्टिरिओ रेकॉर्ड आहे! डावीकडचा आवाज डाव्या स्पीकरमधून, उजवीकडचा उजव्या. तुमच्या त्या जुन्या डब्याला एकच स्पीकर, त्याला काय डोंबल कळणार डावं-उजवं? चांगली सिस्टीम आणा. 'वा' डावीकडून आलं तर दादा, उजवीकडून आलं तर मामा. दूध का दूध, पानी का पानी!"

पुरावेसाहेबांच्या अंगावर काटा आला. पुरावा! इतकी वर्षं भिंतीवर टांगलेला!

त्यांनी लगेच मामांना फोन केला. मामा म्हणाले, "निकाल लागेल त्या दिवशी येईन. त्याआधी नाही." दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "येऊ दे. येताना हार घेऊन ये म्हणावं." आई भाजी निवडत होती. तिनं मान वर करून मुलाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. "आण बाबा मशीन," एवढंच म्हणाली.

आवाजाच्या दुकानाचा मालक स्वतः मात्र कुजबुजत बोलायचा. आत जायच्या आधी चपला काढायला लावल्या. "साहेब, कान ही देणगी आहे," तो कानात म्हणाला. पुरावेसाहेबांना आपल्याला ही देणगी असल्याचं त्याच दिवशी कळलं, आणि देणगीदार माणूस घासाघीस करत नाही, हेही कळलं. रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि छातीएवढे उंच दोन स्पीकर टेम्पोत चढले.

फाटकाशी सोसायटीचे सेक्रेटरी उभेच होते. "फर्निचर आणायला परवानगी घ्यावी लागते."

"हे फर्निचर नाही, स्पीकर आहेत."

"मग ध्वनिक्षेपक लावण्याची वेगळी परवानगी."

"नाही नाही, म्हणजे तसं फर्निचरच आहे."

"ठरवा आधी काय आहे ते," असं म्हणून सेक्रेटरी जेवायला गेले. दोन्ही स्पीकर उन्हात माना ताठ करून उभे आणि त्यांच्या मध्ये पुरावेसाहेब. येणारे-जाणारे विचारू लागले, कुणाची सभा आहे? शेवटी 'आवाज करणारं फर्निचर' असं लिहून दिलं तेव्हा कुठे लिफ्ट मिळाली, आणि लिफ्टमध्ये स्पीकर गेले पण पुरावेसाहेब मावले नाहीत.

जोडाजोडी झाली. दादा इस्त्रीचा सदरा घालून बसले. तबकडी फिरली, व्हायोलिन वाजलं, थांबलं, तार जुळली, आणि "वा!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. 'वा' डावीकडून आलं नाही. उजवीकडूनही आलं नाही. ते दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, जिथं भिंतीवर कॅलेंडर होतं, तिथून आलं.

"कॅलेंडरनं दाद दिली," बायको म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा कॅलेंडर. शिवाय 'वा'च्या आधी स्पीकरमधून कसलीशी घरघर येत होती. पुरावेसाहेबांनी दुकानदाराला घरी बोलावलं. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि दोन्ही दुखण्यांचं निदान केलं. "घरघर आहे ती मोटारची. आणि 'वा' मध्ये येतंय कारण स्पीकर फार जवळ आहेत."

"मोटारला कशाला बिचारीला नावं ठेवता?" स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आत गेली. पण बायकांचं यंत्रातलं ज्ञान ते केवढं, असं समजून पुरावेसाहेबांनी लक्ष दिलं नाही. इथं त्यांचं चुकलं.

स्पीकर लांब करायचे म्हणजे घर हलवायचं. एक स्पीकर न्हाणीघराच्या दारात गेला, दुसरा कपाटाच्या जागी, कपाट दादांच्या खोलीत, दादांची खाट दिवाणखान्यात आणि मामांची वेताची खुर्ची गॅलरीत. आंघोळीला जाणाऱ्यानं आधी स्पीकरला मिठी मारून बाजूनं सरकायचं. मोटार बदलली. प्लेअरखाली ओट्याच्या कामातून उरलेली काळी फरशी ठेवली. घरघर तशीच, उलट आता तिच्यात मधूनच शिट्टीसारखं काहीतरी ऐकू येऊ लागलं. आणि 'वा'? 'वा' कॅलेंडर सोडायला तयार नाही. पुरावेसाहेबांनी चिडून कॅलेंडर काढून टाकलं. मग ते खिळ्यातून येऊ लागलं.

"खोली घुमतेय," दातांचे डॉक्टर म्हणाले. "भिंती नागड्या आहेत. अंड्यांचे ट्रे लावा."

डॉक्टरांचंच ऐकायचं ठरल्यावर भिंतभर अंड्यांचे ट्रे लागले. भेटायला आलेल्या लांबच्या मावशी म्हणाल्या, "एवढी अंडी खाल्ली कुणी?" आणि जाताना सगळ्यांना पथ्याचं सांगून गेल्या. ट्रेनं भागेना म्हणून गाद्या भिंतीला टेकवल्या. गाद्या उभ्या आणि माणसं जमिनीवर आडवी! दादांनी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी कानसेन आहे हे मला ठाऊक आहे. माझी गादी द्या."

पण एव्हाना प्रश्न दादांचा राहिला नव्हता, पुरावेसाहेबांच्या अब्रूचा झाला होता. कचेरीत जो माणूस एका नजरेत खोटा दावा ओळखतो, त्याला घरात एक अक्षर डावं की उजवं ते कळू नये? त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बदलून मोठा आणला. त्याचं बटण दाबलं आणि आख्ख्या इमारतीचे दिवे गेले. सेक्रेटरी जिना चढून वर आले, घामाघूम.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे."

"दिव्यांची ना? लगेच फ्यूज..."

"दिव्यांचं राहू द्या. तुमच्या घरातून दिवसभर 'वा! वा!' ऐकू येतं. खालच्या मजल्यावरच्या बाई गाणं शिकतात. त्यांना वाटतंय तुम्ही त्यांना दाद देताय. त्यांनी रियाज दुप्पट केलाय हो! आम्ही राहायचं कसं?"

आता शेवटचा उपाय उरला होता, आणि तो म्हणजे सुई. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमची सुई बोथट आहे. बारीक सुई परदेशातून येते. तिला तबकडीतलं सगळं, अगदी सगळं ऐकू येतं." सुई मागवली. ती पार्सल कचेरीत येऊन अडकली. पुरावेसाहेब रजा टाकून गेले. रजेच्या अर्जात 'सुई आणणे' असं कारण खरं खरं लिहिलं, त्यावर वरच्या साहेबांनी दोरा संपला का, असं विचारलं, ते वेगळंच.

खिडकीतल्या कारकुनानं कागद वाचला. "सुई आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागेल."

"अहो, ही रेकॉर्डची सुई आहे!"

कारकुनानं शांतपणे चष्मा कपाळावर चढवला. "पुरावा?"

उभ्या जन्मात हा शब्द पुरावेसाहेबांनी हजारदा वापरला असेल, पण तो कानावर कसा पडतो ते त्यांना पहिल्यांदाच कळलं. आपण ज्यांना ज्यांना हे विचारलं त्या सगळ्यांचे चेहरे डोळ्यांसमोरून गेले, त्यात बायकोचाही. मुकाट्यानं घरी आले आणि दातांच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली. डॉक्टरांनी लिहिलं, 'रुग्ण: रेकॉर्ड प्लेअर. तक्रार: घरघर. सुई ताबडतोब द्यावी.' कारकुनानं खालचा शिक्का बघितला, वरचं काही न वाचता त्यावर आपला शिक्का मारला आणि सुई दिली.

रविवार ठरला. निरोप गेला. दुपारी मामा आले. दारात क्षणभर थांबले, हातात हार नव्हता. आई पुढे होऊन म्हणाली, "किती वाळलास रे!" वास्तविक मामा चांगले जाडले होते. त्यांनी आपली वेताची खुर्ची शोधली, ती गॅलरीतून आत आणली गेली. पण पुरावेसाहेबांनी सगळ्यांना कार्यक्रमातल्यासारखंच बसवलं. सोफ्यावर मध्ये आई, तिच्या डावीकडे दादा, उजवीकडे खुर्ची ओढून मामा. दातांचे डॉक्टर आले, सेक्रेटरी तक्रार घेऊन आले ते तिथंच टेकले. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्या बंद. सगळ्यांना धारा लागलेल्या.

"निकाल काही लागो," पुरावेसाहेब उभं राहून म्हणाले, "तो दोघांनी मानायचा. यंत्र खोटं बोलत नाही." आणि त्यांनी नवी सुई अलगद टेकवली.

काय वाजलं हो ते व्हायोलिन! पण लक्ष कुणाचं होतं? सगळे श्वास रोखून बसलेले. वादक थांबला. तार कुरकुरली, चढली, जुळली. शांतता. आणि त्या शांततेत डाव्या स्पीकरमधून स्वच्छ, भरदार घरघर आली. घर्रर्र... घर्रर्र... जुना पंप चालावा तशी. मग उजवीकडून दुसरी आली, बारीक, आणि तिच्या शेवटाला लांबलचक शिट्टी.

बायकोनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! दादा, ही तर तुमची! मी रोज दुपारी ऐकते."

तेवढ्यात स्पीकरमधून कापडाची सळसळ झाली आणि कॅलेंडरच्या खिळ्यातून आलं, "वा!" आणि त्याच्यापाठोपाठ, त्याच जागेवरून, एका तरुण बाईचं दाबलेलं हसू.

सगळ्यांच्या माना आधी दादांकडे, मग मामांकडे वळल्या.

दादा खाकरले. "माझी घरघर असेल. पण म्हणजे मी झोपलो होतो हे सिद्ध झालं. झोपलेला माणूस दाद कशी देणार? तेव्हा 'वा' मामाचंच. इतकी वर्षं मी उगाच अडून बसलो."

"छे छे, दाजी!" मामा ताडकन म्हणाले. "शिट्टी ऐकलीत ना? मी तर ढाराढूर होतो. 'वा' तुमचंच. तुमचा मान मी का घ्यावा?"

"नाही, तूच घे."

"अहो, वडीलधारे तुम्ही. तुम्हीच घ्या!"

इतकी वर्षं जे दोघं एकमेकांच्या हातून हिसकावत होते, ते आता गरम बटाट्यासारखं एकमेकांच्या ओंजळीत टाकू लागले. पुरावेसाहेब मधोमध उभे. त्यांना घाम पुसायचंही सुचेना. "पण मग मध्ये का येतंय?" ते जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले. "आई, तू हसलीस ना ते? आता तरी सांग. 'वा' कुणाचं?"

आईनं पदर सावरला. "दोघांचं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? वादकानं वाजवणं थांबवलं आणि माझ्या दोन्ही बाजूंनी घोरणं सुरू. पहिली रांग! तो वादक आमच्याकडे बघायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दोन्ही कोपरं एकदम मारली." आईनं दोन्ही कोपरं उचलून दाखवली. दादा आणि मामा दोघंही आपसूक मागे सरकले. "दोघंही दचकून उठले आणि दोघांनाही वाटलं, काहीतरी झालं, आता दाद द्यायला हवी. एकाच क्षणी म्हणाले, 'वा!' एक डावीकडून, एक उजवीकडून. तुझ्या मशीननं पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं रे. तूच त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीस."

पुरावेसाहेब मटकन खाली, भिंतीशी उभ्या केलेल्या गादीला टेकून बसले. गादी घसरली आणि चार ट्रे घेऊन त्यांच्या डोक्यावर आली. कुणी उचलायलाही गेलं नाही, कारण मामा हसत होते, दादा हसत होते, दातांचे डॉक्टर सगळे दात दाखवून हसत होते, आणि सेक्रेटरी म्हणत होते, "हळू, खालच्या बाई ऐकतील!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?" दादांनी डोळे पुसत विचारलं.

"काय बोलू? एक नवरा, एक भाऊ. एकाचं नाव घेतलं असतं तर दुसरा रुसला असता. खरं सांगितलं असतं तर दोघंही खाली मान घालून फिरले असते. आणि भांडायला का होईना, हा दर रविवारी येत होता की." आईचा आवाज जरा हलला. "यायचा बंद झाला तेव्हा दहादा ओठांवर आलं. पण तोवर मशीन आलं होतं. म्हटलं, माझ्या तोंडून नको, मशीननंच सांगितलेलं बरं."

मामांनी आईचा हात धरला. "ताई, आता दर रविवारी येतो. हाकललंस तरी येतो."

"ये. पण एक करा दोघांनी," आई म्हणाली. "त्या दिवशी तो कार्यक्रम मी एकटीनं ऐकला. त्यानंतर या घरात ती रेकॉर्ड शेकडो वेळा लागली, पण दर वेळी त्या 'वा'साठी. व्हायोलिन कुणी ऐकलंच नाही. आता मला ते पहिल्यापासून ऐकू द्या. मध्ये कुणी बोलायचं नाही."

पुरावेसाहेबांनी डोक्यावरचा ट्रे काढला आणि पहिली बाजू लावली. पंखा मात्र बायकोनं चालू केला, निकाल लागला होता ना. व्हायोलिन सुरू झालं. सूर हळूहळू खोलीभर पसरला, आणि पुरावेसाहेबांना आपण काय विकत आणलंय ते इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ऐकू आलं. त्यांना एकदम खूप बरं वाटलं. समोर आई डोळे मिटून बसली होती, मांडीवर बोटानं ताल धरून.

थोड्याच वेळात तिच्या डावीकडे पंप सुरू झाला. मग उजवीकडे शिट्टी. आईनं डोळे उघडले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. दोन्ही कोपरं वर उचलली, क्षणभर तशीच धरली, आणि मग अलगद खाली ठेवली. व्हायोलिननं एक असा काही सूर लावला की तिला राहवेना. ती स्वतःशीच, पण मनापासून म्हणाली, "वा!"

दादा आणि मामा दोघंही खाडकन जागे झाले. "वा!" दोघं एकाच क्षणी ओरडले.

पुरावेसाहेबांनी कान टवकारले. बरोब्बर मधोमध आलं होतं.